बाबांनी खाणीचं छत वाजवून पाहिलं

खाली उतरण्याआधी घड्याळ काढून द्यावं लागतं. मोबाइल, गाडीची किल्ली, लायटर, काडेपेटी, ठिणगी पडेल असं काहीच सोबत नेता येत नाही. बिग पिट या जुन्या कोळसा खाणीच्या लॅम्परूमपाशी रांगेतली माणसं खिसे चाचपत होती, तेव्हा बाबांचे खिसे आधीच रिकामे होते. एकतीस वर्षं त्यांनी वर्धा खोऱ्यातल्या कोळसा खाणीत काढली. निवृत्तीलाही बारा वर्षं होऊन गेली होती, तरी हेल्मेटला दिवा अडकवताना आणि बॅटरीचा पट्टा कमरेला आवळताना त्यांचा हात जराही अडखळला नाही.

साउथ वेल्समधलं हे खाणीचं गाव, ब्लायनाव्हन, न्यूपोर्टच्या आमच्या घरापासून गाडीने पाऊण तासाच्या आत आहे. नावाचा वेल्श अर्थ नदीचा माथा. सोळा वर्षांत मी इथे कितीदा तरी आले, पण बाबा येईपर्यंत सहलीला यावं तशीच. डोंगर चढायचा, कॅफेत बसायचं, परतायचं. खाणीत उतरायचं मी दरवेळी टाळलं. लहानपणी रात्रपाळीला गेलेले बाबा सकाळी परत येईस्तोवर आई चुलीपाशी बसून असायची, ते मला आठवायचं.

आज हे लिहायला बसले ते घरच्या एका वादामुळे. आमच्या शाळेच्या ग्रुपवर महिनाभर तो चालू आहे. ताडोब्याच्या मोहर्लीकडे होमस्टे चालवणारा एक वर्गमित्र म्हणतो, पर्यटक सफारी करतात आणि निघून जातात. त्यांना चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट, बल्लारपूरचा किल्ला, एखादी बंद खाण दाखवली, आपलं जेवण खाऊ घातलं, तर ते आणखी एक दिवस थांबतील आणि तो पैसा गावात राहील. खाणपट्ट्यात शिक्षिका असलेली मैत्रीण त्याच्यावर उसळली. लोकांच्या भिंतींना भेगा पडल्यात अन् तुम्ही तिकिटं छापायला निघालात, असं तिने लिहिलं. मग दोघांनी मला विचारलं, तुझ्याकडे तर खाणीचं गाव बघायला जगभरातून लोक येतात म्हणे, तूच सांग.

मी सांगते. खाण बघायला लोक येतात, आणि यावेत. पण ब्लायनाव्हनमध्ये जे उभं राहिलं त्यात तिकीट सगळ्यात शेवटी आलं. आमच्या चर्चेत ते सगळ्यात आधी येतं, आणि मला खटकतं ते एवढंच.

इथे 1789 च्या सुमारास लोखंडाचा कारखाना सुरू झाला. त्याच्या दगडी भट्ट्या आजही गावाच्या कडेला उभ्या आहेत. लोखंडाला लागणारा कोळसा, खनिज, चुनखडी, सगळं याच डोंगरात मिळालं. बिग पिटमध्ये एके काळी तेराशेच्या आसपास माणसं कामाला होती. 1980 च्या फेब्रुवारीत खाण बंद झाली आणि तीनच वर्षांत, 1983 मध्ये, ती लोकांना पाहायला उघडली. 2000 साली युनेस्कोने या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. यातली महत्त्वाची गोष्ट माझ्या लेखी ती तीन वर्षं. खाणीत पाणी भरू दिलं नाही, पाळणा गंजू दिला नाही, अंघोळीच्या इमारतीतले लॉकर भंगारात गेले नाहीत, आणि ज्यांनी तिथे काम केलं ती माणसं गावातच होती. अजून दहा वर्षं थांबले असते तर दाखवायला नुसता खड्डा उरला असता.

गावात आणखी एक इमारत आहे, वर्कमेन्स हॉल. 1895 ची. कामगारांनी आठवड्याला अर्धी पेनी पगारातून देऊन ती बांधली. त्यात वाचनालय होतं. आता तिथे सिनेमा लागतो. आपल्याकडे वर्गणीतून गणपती बसतो, शाळा उभ्या राहतात, त्यामुळे ती अर्धी पेनी मला परकी वाटत नाही. वारसा म्हणून मी कुणालाही आधी हीच इमारत दाखवीन.

बाबांना मी आधी डोंगरावर नेलं. ब्लोरेंज नावाचा हा डोंगर 561 मीटर उंच आहे. वर वारा इतका, की बाबांनी मफलर कानाला बांधून वर टोपी घातली. ऑगस्ट होता. हेदर जांभळं फुललं होतं आणि त्याच्या बुडाशी विनबेरीची झुडपं होती. करवंदांहून बारीक, निळी-काळी फळं. बाबा उकिडवे बसून ओंजळभर वेचत राहिले. बोटं जांभळी झाली. मेळघाटाकडच्या आजीच्या गावी टेंभरं वेचायचो तसं, म्हणाले. खाली उतरताना गार्न लेक्सला थांबलो. तळी आहेत, भोवती गवत, लव्ह्याच्या कडेला पाणकोंबड्या, आणि आपल्या टिटवीच्या कुळातला तुरेवाला लॅपविंग. सगळा परिसर खाणीतून काढलेल्या मातीचे ढिगारे सपाट करून घडवलेला आहे. हे मी सांगितलं तेव्हा बाबांनी बुटाच्या टोकाने गवत बाजूला सारलं. दोन बोटांच्या खाली काळी चुरी होती. ती चिमटीत घेऊन त्यांनी चोळली आणि म्हणाले, "शेल. कोळसा नाही हा." आमच्याकडच्या ओबीच्या, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या, डोंगरांवर बाभळी लावतात, त्यातल्या किती जगल्या हे मला ते फोनवर सांगत असतात. त्या दिवशी मात्र ते बराच वेळ गवताकडे बघत होते.

जेवणाचं म्हणाल तर इथलं खाणं साधं आहे आणि ते साधंच ठेवलंय, हे मला फार आवडतं. मटण, बटाटे आणि पातीच्या कांद्यासारखी लीक घालून तासन्‌तास शिजवलेलं कॉल. तव्यावर भाजलेले, मनुका घातलेले वेल्श केक. खाणीतला माणूस डब्यात पाव आणि चीज न्यायचा. पावाच्या कापासारखा, एका बाजूने गोल असा पत्र्याचा डबा असे, घट्ट झाकणाचा, उंदरांपासून वाचावा म्हणून. त्याला टॉमी बॉक्स म्हणतात. गावातल्या एका चीजवाल्यांनी बिग पिटच्या तळाशी, तीनशे फूट खाली, चेडर मुरवून विकायला सुरुवात केली, आणि त्याला नाव दिलं पुल माउर. म्हणजे वेल्शमध्ये बिग पिटच. बाबांनी तो टॉमी बॉक्स काचेआड पाहिला आणि आईच्या हातच्या डब्याची गोष्ट सांगितली. ज्वारीची भाकर, कोरडा झुणका, ठेचा, कांदा. पातळ भाजी नाही, कारण सांडते आणि त्यावर धूळ बसते. चाळीतला तेलुगू माणूस लोणचं आणायचा, छत्तीसगडचा लोडर, म्हणजे कोळसा भरणारा, ताकातलं काही, पाळीवर देखरेख करणारा बिहारी ओव्हरमन सत्तू. चार प्रांतांची माणसं एका दिव्याच्या उजेडात एकमेकांच्या डब्यातलं खायची. मित्राला चंद्रपुरात खाद्यसंस्कृती दाखवायचीच असेल तर सावजीच्या आधी हा डबा दाखव, असं मी त्याला लिहिलं. त्याने उत्तरादाखल अंगठा टाकला, पण मी खरंच म्हणतेय.

पाळण्यातून खाली गेलो. बाबांच्या खाणीत इन्क्लाइन होती, उतारावरून चालत जायचे. पाळणा त्यांना नवा होता. तो सुटला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. आमचा मार्गदर्शक साठीच्या पुढचा, याच खोऱ्यातल्या खाणीत पंधराव्या वर्षी लागलेला. त्याच्या हाताच्या मागच्या बाजूला एक निळसर रेघ होती. जखमेत कोळशाची धूळ राहून कातडी वरून भरून आली की अशी खूण उरते, आयुष्यभर जात नाही. बाबांच्या डाव्या भुवईवर तशीच आहे. दोघांनी एकमेकांच्या खुणा पाहिल्या. कुणी काही बोललं नाही.

एका लाकडी दाराशी थांबवून त्याने सगळ्यांना दिवे मालवायला सांगितले. त्या अंधाराला डोळे सरावत नाहीत. 1842 च्या कायद्याने बंदी येईपर्यंत अशा दारांशी लहान मुलं, पाच-सहा वर्षांचीसुद्धा, दोरी धरून बसत, हवा खेळती राहावी म्हणून कोळशाचे डबे आले की दार उघडायचं आणि पुन्हा लावायचं. बायकाही खाली कामाला होत्या. त्या कायद्याने बायका, मुली आणि दहाच्या आतले मुलगे खाणीबाहेर आले. मार्गदर्शकाने हे सांगताना आवाज चढवला नाही. जवळच घोड्यांचे तबेले आहेत, प्रत्येकाच्या जागेवर त्याच्या नावाची पाटी आहे.

पुढे एका जागी बाबा थबकले आणि वर बघू लागले. मार्गदर्शकाच्या ते लक्षात आलं. त्याने हातातली काठी त्यांच्यापुढे धरली. बाबांनी ती घेतली आणि छत वाजवून पाहिलं, एकदा, मग हातभर पुढे आणखी एकदा. खणखणीत आवाज आला तर छत भक्कम, बद्द वाजलं तर वरचा थर सुटलेला, माणसं मागे घ्यायची. ज्यांना ऐकू आलं नाही ते गेले, असं ते घरी सांगायचे. त्यांनी मान हलवली, ठीक आहे. मार्गदर्शकही हसून "ऑलराइट, बटी?" म्हणाला. बटी म्हणजे खाणीतला जोडीदार. बाबांना इंग्रजी फारसं येत नाही. हा शब्द मला त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

वर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "याले पगार मिळते का?" मिळतो, मी म्हटलं. बिग पिट हे वेल्सचं राष्ट्रीय कोळसा संग्रहालय आहे आणि मार्गदर्शक त्याचे नोकर आहेत. खाणकामगार होते म्हणूनच त्यांना ही नोकरी मिळाली. बाबा गप्प झाले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "आपल्या इकडे बोलावलं तर मी जाईन."

वर्गमित्राला मी हे पुन्हा पुन्हा सांगतेय. खाण-पर्यटन आपल्याला नवं नाही, नागपूरजवळच्या सावनेरला वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स, आणि पर्यटन महामंडळाने ते 2016 मध्ये सुरू केलं. नुसती सुरुवात पुरत नाही. खाली काय घडायचं हे सांगणारा माणूस गणवेशातला भाड्याचा गाइड नको, लोडर हवा, कामगारांच्या सुरक्षेवर नजर ठेवणारा माइनिंग सरदार हवा, आणि त्याला त्याचे पैसे मिळायला हवेत. ती पिढी आता सत्तरीत आहे. वरोऱ्याची कोळसा खाण 1906 सालीच बंद झाली. आज वरोरा म्हटलं की आनंदवन आठवतं, आणि ते आठवावंच, पण त्या खाणीत कोण राबलं हे सांगणारं कुणी उरलेलं नाही.

आता मैत्रिणीच्या भेगांबद्दल. 2022 च्या ऑगस्टमध्ये घुग्घूसच्या आमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गेलं. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी असल्याचं सांगितलं गेलं, आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. त्याच वर्षी आम्ही इथे घर घ्यायच्या खटपटीत होतो. वकिलाने फाइलमध्ये एक कागद लावला, कोळसा खाणीचा अहवाल. या प्लॉटखाली कधी खाणकाम झालं का, जवळपास खाणीत उतरायची जुनी विहीर, म्हणजे शाफ्ट, आहे का, जमीन खचल्याचा दावा पूर्वी झाला आहे का. वेल्समध्ये खाणपट्ट्यात घर घेताना हे सर्रास पाहतात. जुन्या खाणींचे नकाशे सांभाळून ठेवलेले आहेत आणि ते कुणालाही मागता येतात. त्या रात्री मी तो अहवाल आणि घुग्घूसच्या बातमीतला फोटो आलटून पालटून बघत होते. आमच्या लोकांनाही असा कागद मिळायला हवा. त्यांच्या घराखाली काय आहे हे सांगणारा, त्यांच्या भाषेत, फुकट.

इथे तरी हे शहाणपण आपसूक आलं असं नाही. 21 ऑक्टोबर 1966 ला आबरव्हॅन गावात खाणीच्या मातीचा ढिगारा डोंगरावरून घसरून शाळेवर आला. 116 मुलं आणि 28 मोठी माणसं गेली. अशा ढिगाऱ्यांच्या सुरक्षेचा कायदा त्यानंतर, 1969 मध्ये झाला. आणि 2020 च्या वादळी पावसात टायलर्सटाउनला ढिगारा पुन्हा घसरलाच. म्हणून वेल्सकडे बोट दाखवून घरच्यांना कमी लेखणं मला जमत नाही. त्यांनी मोजलेली किंमत आपण पुन्हा मोजू नये, एवढीच माझी तळमळ आहे.

आणि मित्रा, पर्यटनाने खाणीची नोकरी परत येत नाही, हेही लिहून ठेव. ब्लायनाव्हनची लोकसंख्या आज सहा हजारांच्या आसपास आहे. ब्रॉड स्ट्रीटवर बंद दुकानं दिसतात. 2003 मध्ये गावाला पुस्तकांचं गाव करायचा प्रयत्न झाला, आपल्या भिलारसारखा, तो टिकला नाही. तरुण मुलं सकाळी न्यूपोर्ट-कार्डिफला कामाला जातात. पण शनिवारी कॅफेत वेल्श केक भाजणारी बाई, वाफेच्या गाडीवर फुकट काम करणारे निवृत्त लोक, शाळेच्या मुलांना खाली नेणारे ते मार्गदर्शक, यांच्या बोलण्यात गावाबद्दलची लाज नाही. आमच्या क्वार्टरमधल्या मुलांना कॉलेजात गाव सांगताना लाज वाटायची. मलाही वाटायची.

गेल्या रविवारी बाबांनी एक फोटो पाठवला. कालनिर्णयच्या जुन्या पानामागे त्यांनी पेन्सिलीने त्यांची खाण काढली आहे. इन्क्लाइन, डबे ओढायचा हॉलेजचा रस्ता, पंख्याची जागा, दारं, जेवायला बसायचे ती कड, आणि तीन ठिकाणी छोट्या फुल्या, प्रत्येकीशेजारी एक नाव. पूर्वेकडचा भाग कोरा आहे. तिकडे ते कधी कामाला नव्हते. तिकडचा जोडीदार वणीला राहतो, गुरुवारी बसने जाऊन त्याच्याकडून उरलेलं काढून आणतो म्हणाले.