मेणवलीतून पुण्याला भुयार? मामा, आधी नकाशा बघा

काल मामांनी फॅमिली ग्रुपवर वाईजवळच्या मेणवलीच्या नाना फडणवीस वाड्याचा एक मेसेज टाकला, खाली सगळ्यांचे जोडलेले हात. मी सोडून देणार होतो, पण रात्री मामांचाच फोन, रविवारी वाईला चाललोय, पहार घेतोय, फरशी ठोकून बघायची, पोकळ वाजते म्हणे. आता लिहिणं भाग आहे.

मेसेज म्हणतो, वाड्यातून थेट शनिवारवाड्यापर्यंत भुयार आहे आणि नाना रात्री घोड्यावरून त्यातून पुण्याला जाऊन यायचे. अहो, सरळ रेघ मारली तरी ६० किलोमीटरच्या वर होतं, वाटेत मांढरदेवीचा डोंगर, मग नीरा नदी, मग कात्रज. घोडेस्वार मान न वाकवता जायचा तर अडीच मीटर उंच आणि दोन मीटर रुंद तरी पाहिजे, करा गुणाकार, तीन लाख घनमीटर दगड-माती निघते. ती टाकली कुठे? मशालींचा धूर कुठून जायचा? आणि वाडा कृष्णेच्या काठावर, घाटाच्या पायऱ्या संपल्या की पाणीच, तिथे खोल खणलं तर पहिल्या पावसात घोडा पोहतच जाणार. शिवाय ज्या माणसाचे ढीगभर मोडी कागद याच वाड्यात निघाले (मेणवली दफ्तर म्हणतात ते) त्याला बातमीसाठी स्वतः कशाला पळायला लागतंय, त्यासाठी जासूद होते की.

तळघरं, भिंतीच्या पोटातले अंधारे जिने जुन्या वाड्यांत असतात, हे मान्य, नाइलाजाने. पण जिना म्हणजे भुयार नव्हे. आणि फरशीखालची भर खचली तरी पोकळच वाजतं, तिथे पहार घातलीत तर फरशी जाईल, भुयार काही मिळायचं नाही.

मेसेजमध्ये पुढे वाड्याच्या बांधकामाबद्दलही आहे. "एकही खिळा नाही" हे अर्धं खरं, तुळया-खांब खाचा पाडून एकमेकांत बसवायचे, पण खिळे माहीतच नव्हते असं नाही, शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा बघा. चुन्यात गूळ, हिरडा घालायचे हेही बरोबर. पण "सिमेंटपेक्षा मजबूत" नाही हो, चुना मऊ असतो, ओल बाहेर सोडतो, म्हणून तर त्यावर सिमेंट थापलं की भिंत आतून सडते.

राहिली घाटावरच्या देवळातली घंटा. म्हणे नानांनी ओतवली आणि वर लक्ष्मी आहे. ती पोर्तुगीजांची, वसईची लूट. चिमाजीअप्पांनी वसई घेतली १७३९ ला, नाना जन्मले १७४२ ला! आणि ती लक्ष्मी म्हणजे बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. रविवारी मीही येतो, जवळून दाखवतो. पहार मात्र गाडीत दिसता कामा नये.