इया खोऱ्यात गाडी घालण्यापूर्वी

टोकियो, क्योटो आणि ओसाका आता सोसायटीतल्या निम्म्या लोकांचं करून झालंय. तुम्हाला काहीतरी हटके हवं. तेव्हा शिकोकू बेटावर उतरा, गाडी भाड्याने घ्या आणि तोकुशिमा प्रांतातल्या इया खोऱ्यात घुसा. तिकडेही गाड्या डावीकडूनच चालतात, म्हणजे नवीन शिकण्यासारखं काही नाही.

गाडी मोठीच मागा. स्थानिक लोक पिवळ्या पाटीच्या ६६० सीसीच्या चिमुकल्या गाड्यांतून फिरतात. ती त्यांची हौस समजा. ४३९ क्रमांकाचा रस्ता कागदोपत्री राष्ट्रीय महामार्ग आहे. तो कागद मनात धरून वेग वाढवा. पुढे रस्ता एका गाडीपुरता उरतो, एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, आणि नेमका समोरून ट्रक येतो. आपण रिव्हर्स घेणं म्हणजे कमीपणा. ट्रकवाले आजोबाच मागे जातील, वर मान लववतील. वळणावरच्या गोल आरशात केस नीट करून घ्या.

काझुराबाशी हा वेलींचा पूल, ४५ मीटर लांब, नदीपासून १४ मीटर उंच. दर तीन वर्षांनी तो नव्याने विणतात. वेलींच्या आत पोलादी तारा असतात, हे बरोबरच्या काकूंना सांगू नका. त्यांची भीती व्हिडिओत नीट यायला हवी. ११८५ साली दान-नो-उराच्या लढाईत हरलेल्या ताइरा घराण्याचे लोक इथे लपले आणि शत्रू आलाच तर कापता यावेत म्हणून त्यांनी वेलींचे पूल बांधले, अशी आख्यायिका आहे. म्हणजे कुणी येऊ नये म्हणून निवडलेली जागा. तुम्ही अगदी बरोबर पोचलात.

वाटेत, दोनशे मीटर खोल दरीच्या काठावर, शू करणाऱ्या मुलाचा पुतळा लागतो. घाटात गाडी बाजूला घेऊन आपण जे करतो त्याचं कुणीतरी स्मारक उभारलंय हे बघून ऊर भरून येईल. बाकी काही रिकामं करू नका.

मग नागोरो. इथे माणसं तिसाहूनही कमी, बाहुल्या मात्र शेकड्यांनी. बस थांब्यावर बाहुल्या, शेतात बाहुल्या, रस्त्याच्या कामावरही बाहुल्या. गावातल्याच एका बाईंनी पेरलेलं पाखरांनी खाऊ नये म्हणून वडिलांसारखं दिसणारं बुजगावणं केलं. पुढे वारलेल्यांच्या, गाव सोडलेल्यांच्या जागी त्या बाहुल्या करत राहिल्या. २०१२ मध्ये शेवटची दोन मुलं गेली आणि शाळा बंद पडली. वर्गात आता कापडी विद्यार्थी बसतात. तुम्ही बाकावर त्यांच्या मधोमध बसा, दोन बोटं दाखवा आणि खाली लिहा, ‘गर्दीपासून दूर, किती शांत!’ गर्दी कुठे गेली, हा प्रश्न कॅप्शनमध्ये मावत नाही. कोकणातल्या आपल्या बंद घराचा फोटो त्याच अल्बममध्ये टाकू नका, उगाच घोळ होतो.

रस्त्याकडेला भाजीचा बिनमाणसाचा ठेला दिसला की वाईट वाटेल. नाणी टाकायला डबा आहे, पण घासाघीस करणार कुणाशी?

जेवायला उशिराच जा. इयाची सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, देणारी आजी दुपारीच दुकान आवरते, पेट्रोलपंपही रात्री तुमची वाट बघत बसत नाही. हॉटेलवर परतल्यावर एक तारा द्या आणि कारण लिहा: गाव सुंदर, पण स्टाफ फार कमी.