खिडकीतला सीमाप्रश्न

नवरात्र चार दिवसांवर आलेले असावे, सकाळी सात वाजता बेळगावच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानातून फोन यावा आणि पलीकडून "इंजिनिअर, तुमचं सॉफ्टवेअर पांढरं पडलंय की ओ" असे शब्द कानावर पडावेत, यापेक्षा वाईट मुहूर्त माझ्या धंद्यात नाही. माणूस पांढरा पडला तर डॉक्टरला बोलावतात. सॉफ्टवेअर पांढरे पडले की मला बोलावतात आणि मी फीचा विषय काढला की "तुमीच केलंय न्हवं ते?" असे विचारतात. डॉक्टरला हा प्रश्न कोणी विचारत नाही, ही त्या व्यवसायाची मोठी सोय आहे.

मी विंडोज फॉर्म्समध्ये, म्हणजे बटणे आणि खोकी असलेल्या खिडक्या बनवण्याच्या साधनात, प्रोग्रॅम लिहितो. अशा खिडकीला आम्ही फॉर्म म्हणतो. मायक्रोसॉफ्टने हा प्रकार २००२ साली डॉट नेटबरोबर बाजारात आणला, त्यामुळे बंगळूरला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याच्या दृष्टीने तो उत्खननात सापडण्याच्या योग्यतेचा झाला आहे. "मामा, अजून तेच?" असे तो दर दिवाळीला फराळाची ताटली हातात घेऊन विचारतो. नेट गेले तरी चालणारे, एक बटण दाबले की पट्टी छापणारे आणि दर महिन्याला भाडे न मागणारे सॉफ्टवेअर अडत दुकानाला लागते, हे मी त्याला समजावून सांगत नाही. कारण तोवर चकल्या संपलेल्या असतात.

या दुकानाचा मुख्य माल रताळी. बेळगुंदी, बिजगर्णी या भागातून आणि हद्दीपलीकडच्या चंदगड तालुक्यातून उपवासाच्या तोंडावर रताळ्यांच्या गाड्या येतात, पोती उतरतात, काट्यावर चढतात आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी, म्हणजे वजन-पैशांच्या हिशोबाचा कागद, पडते. हे सगळे कागदावर सुरळीत चालले होते. ते मी संगणकावर आणले.

पांढरे पडणे हा या जातीच्या प्रोग्रॅमांचा पिढीजात आजार आहे. प्रोग्रॅममध्ये काम करणाऱ्या एकेका गड्याला थ्रेड म्हणतात. फॉर्मला एकच दिवाणजी असतो, त्याला आम्ही यूआय थ्रेड म्हणतो. कोणी बटण दाबले, अक्षर टंकले किंवा खिडकी हलवली, की त्याची चिठ्ठी एका रांगेत पडते आणि हा दिवाणजी एकेक चिठ्ठी उचलून निकालात काढतो. खिडकी रंगवण्याचे कामही त्याच्याकडेच असते. अशा माणसाला मी 'हिशोब बंद करा' या बटणामागे बसवून दिवसभराच्या सगळ्या पट्ट्यांची बेरीज करायला लावली होती. माझ्या घरी चाचणीला वीस पट्ट्या होत्या, त्यामुळे पापणी लवायच्या आत काम होत असे. हंगामात दुकानात हजारोंनी ओळी साठल्या. दिवाणजी मान खाली घालून बेरीज करतो आहे, पुढे चिठ्ठ्यांचा ढीग वाढतो आहे आणि पाच सेकंद झाले तरी कोणी दाद देत नाही, असे दिसले की विंडोज त्या खिडकीवर पांढरी चादर ओढते आणि मथळ्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग' असे लिहिते. चादरीखालचा इसम जिवंत असतो, पण हे मालकांना कसे पटावे? टिळकवाडीतले रेल्वे गेट पडल्यावर जो माणूस अर्धा तास शांतपणे शेंगा खात उभा राहतो, तोच माणूस संगणकापुढे सहाव्या सेकंदाला बटणावरून हात फिरवून मशीनच बंद करतो, आणि बेरीज अर्ध्यावर राहते.

यावर मी प्रथम जो उपाय केला, तो लिहिताना आजही संकोच वाटतो. बेरजेच्या फेऱ्यात मी 'डूइव्हेंट्स' अशी एक ओळ घातली. म्हणजे दिवाणजीने मधूनमधून मान वर करावी, साठलेल्या चिठ्ठ्या निकालात काढाव्यात आणि पुन्हा बेरजेला लागावे. खिडकी पांढरी पडेनाशी झाली. मात्र दिवाणजीने मान वर केली रे केली, की मालक तेच बटण पुन्हा दाबत, आणि पहिली बेरीज पुरी व्हायच्या आत तिच्याच पोटात दुसरी सुरू होई. त्या संध्याकाळी एका दिवसाचा हिशोब तीनदा बंद झाला आणि हमालीची रक्कम तिप्पट निघाली. हमालांनी त्याबद्दल कसलीही तक्रार केली नाही. मग मी ती बेरीज दिवाणजीकडून काढून पडद्यामागच्या दुसऱ्या थ्रेडावर नेली, जे मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते, कारण बॅकग्राउंडवर्कर नावाची सोय २००५ पासून आणि 'एसिंक-अवेट' ही त्याहून सुटसुटीत रीत २०१२ पासून माझ्या डोळ्यांसमोर होती. आणि काम चालू असेपर्यंत बटण करडे करून ठेवले. करडे बटणही मालक दाबतात, पण त्याने काही होत नाही.

खरी परीक्षा काट्याने घेतली.

इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पाठीमागून एक केबल निघते आणि तिच्यातून वजनाचे आकडे एकामागून एक येत राहतात. हल्लीच्या संगणकाला ही केबल खोचायचा सीरियल पोर्ट नसतो, म्हणून मध्ये यूएसबीचा कन्व्हर्टर लावावा लागतो. पोते काट्यावर ठेवले की वजन आपोआप पडद्यावरच्या खोक्यात यावे, एवढीच मालकांची अपेक्षा होती आणि ती मी एका दुपारी पुरी केली, असे मला वाटले. पहिल्याच दिवशी बेळगुंदीच्या एका शेतकऱ्याचे अठ्ठेचाळीस किलो दोनशे पन्नास ग्रॅमचे पोते पट्टीवर आठ किलो दोनशे पन्नास ग्रॅमचे झाले. काट्याने चूक केली नव्हती. केबलमधून येणारा आकडा एकसंध येतोच असे नाही. कधी 'चार' आधी येतो आणि 'आठ-पॉइंट-दोनशे पन्नास' मागाहून, आणि ओळ संपल्याची खूण येईपर्यंत थांबायचे असते हे मला ठाऊक असूनही मी थांबलो नव्हतो. त्या शेतकऱ्याने माझ्याकडे, मग काट्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिले आणि "चाळीस किलो कुठं गेलं ओ, साहेब?" असे अत्यंत सौम्य आवाजात विचारले. तो ओरडला असता तर बरे झाले असते.

ते दुरुस्त करायला घरी बसलो, तेव्हा पडद्यावर चूक दाखवणारी एक चौकट आली. तिचा मथितार्थ असा, की वजनाचा खोका ज्या थ्रेडाने निर्माण केला, त्याच्याखेरीज दुसऱ्या थ्रेडाने त्याला हात लावला आहे आणि हे ग्राह्य नाही. काट्याकडून आकडा आल्याची वर्दी देणारा 'डेटारिसीव्ह्ड' हा प्रसंग दिवाणजीच्या थ्रेडावर घडतच नाही, तो परक्या थ्रेडावर घडतो, आणि मी त्या परक्याला थेट खोक्यात लिहायला सांगितले होते. मी बेळगावचा माणूस आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून हद्द हा विषय आमच्या घरात ताटातल्या लोणच्यासारखा रोज वाढला जातो, २००४ सालापासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. पण माझ्याच यंत्रात, मीच काढलेल्या चार बोटे रुंदीच्या खोक्यावरून दोन थ्रेडांचा सीमाप्रश्न निघेल, अशी कल्पना मला नव्हती.

तपासणी बंद करण्याचा एक मार्ग असतो. 'चेकफॉरइल्लीगलक्रॉसथ्रेडकॉल्स' या नावाची एक किल्ली फिरवली की चौकट येत नाही. हे नाव एका दमात म्हणेपर्यंत हद्दीवरच्या शिनोळीचे नाके ओलांडून होते. मी ती फिरवली. मौज अशी, की तपासणी करणारा हा नाकेदार मुळात डीबगर, म्हणजे चुका शोधण्याचे साधन, जोडलेला असतानाच ड्युटीवर असतो. दुकानात डीबगर नाही, म्हणून तिथे तो आधीपासूनच गैरहजर होता, आणि घरी आरडाओरडा करणारी चूक तिथे बिनबोभाट खपत होती. फक्त दिवसातून एक-दोनदा वजनाचा खोका आपोआप थिजत असे. तसे झाले की काट्यावरचा हमाल पोते तसेच धरून माझ्याकडे वळे आणि "तूक बरवल्द्री, सर" म्हणे, म्हणजे वजन येईना झालंय. चार दिवसांत मला हे वाक्य झोपेतही ऐकू येऊ लागले.

कायदेशीर मार्ग म्हणजे 'इन्व्होक'. परक्या थ्रेडाने स्वतः खोक्याला हात न लावता दिवाणजीच्या रांगेत चिठ्ठी टाकावी, दिवाणजीने सवडीने आकडा लिहावा आणि तो लिहून होईपर्यंत परक्याने दारात उभे राहावे. हे केले आणि वजन दिवसभर बिनचूक येत राहिले. मालकांनी कुंदा मागवला. रात्री नऊ वाजता त्यांनी दुकान बंद करण्यासाठी फॉर्मच्या कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली आणि फॉर्म जागच्या जागी गोठला.

त्या रात्री मी दुकानातच बसलो. रहस्य उलगडले ते असे: फॉर्म बंद होताना दिवाणजी काट्याचे पोर्ट बंद करायला निघतो. पोर्ट म्हणते, माझा माणूस कामावर आहे, तो परतल्याशिवाय मी बंद होणार नाही. तो माणूस दिवाणजीच्या दारात उभा, दिवाणजीने आकडा लिहून घेतल्याशिवाय तो हलणार नाही. आणि दिवाणजी पोर्टाच्या तोंडाकडे पाहत खोळंबलेला. दोन व्याही मानपानापायी एकमेकांसाठी ताटावर थांबले, की दोघेही उपाशी राहतात, तसा हा प्रकार. उपाय एका शब्दाचा निघाला: 'इन्व्होक'च्या जागी 'बिगिनइन्व्होक', म्हणजे चिठ्ठी टाकायची आणि उत्तराची वाट न पाहता आल्या पावली परतायचे. फॉर्म बंद झाला. यार्डाच्या फाटकावरचा राखणदार तेवढ्यात जागा झाला आणि मी चोर नसल्याचे त्याला कन्नडमध्ये पटवण्यात, मूळ दोष शोधण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

नावांचा घोटाळा याच आठवड्यातला. दुकानात कन्नड भाषक शेतकरी येतात, मराठी भाषकही येतात, आणि ज्याचे नाव ज्या लिपीत तो सांगेल त्या लिपीत लिहायचे, असा मालकांचा जुना रिवाज आहे. फॉर्मवर दोन्ही लिप्या झकास दिसत. पण डेटाबेसमध्ये नावाचा रकाना मी 'व्हारचार' या जातीचा ठेवला होता, सगळ्या लिप्या साठवणाऱ्या 'एनव्हारचार' जातीचा नव्हे. आणि त्या एका 'एन'वाचून ना देवनागरी साठवली जात होती, ना कन्नड. प्रत्येक अक्षरचिन्हाजागी एक प्रश्नचिन्ह. बसवराज या नावात काना धरून सहा चिन्हे, परशराम या नावातही सहा. पट्टीवर दोघेही सहा प्रश्नचिन्हे झाले आणि बसवराजांचे पैसे परशरामांच्या नावावर चढले. दोन्ही भाषांना इतका समान न्याय या भागात दुसऱ्या कोणीही दिलेला माझ्या पाहण्यात नाही. पैसे परत देताना दोघांनी मिळून माझ्याच खर्चाने चहा घेतला.

तारखांचे थोडक्यात सांगतो, कारण तो दोष सगळ्यांच्याच नशिबी असतो. मालकांच्या मशीनवर विंडोजची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची होती, जिथे महिना आधी आणि दिवस नंतर. त्यामुळे पाच ऑक्टोबर हा दहा मे होत होता, आणि बारा तारखेपर्यंत प्रोग्रॅम असे खोटे बिनदिक्कत बोलत राहिला. तेरा तारखेला तेरावा महिना सापडेना, तेव्हा तो कोसळला. माणूस गेल्यावर घरचे तेरावा घालतात. माझा प्रोग्रॅम तेराव्यालाच जातो.

मग मालकांच्या मुलाने नवा लॅपटॉप आणला. त्यावर अक्षरे दीडपट मोठी दिसण्याची सोय चालू होती आणि मी तर सगळा फॉर्म शंभर टक्क्यांच्या पडद्यावर, शहाण्णव ठिपक्यांच्या इंचाने आखलेला. अक्षरे फुगली, खोके सरकले आणि 'जतन करा' हे बटण अर्धे फॉर्मच्या उजव्या कडेपलीकडे गेले. उरलेल्या अर्ध्यावर फक्त 'जत' एवढेच दिसत होते. मालकांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचले. "इंजिनिअर, जत आमच्या बाजूला आलं काय ओ? पेपरात काय आलं न्हाई ते." मी स्केलिंगची मांडणी सुधारून, बटण कडेला नांगरून, जत सांगली जिल्ह्यात परत पाठवले. कन्व्हर्टरचे मात्र काही करता आले नाही. हमालाने मोबाइल चार्जिंगला लावायला तो एका भोकातून काढून शेजारच्या भोकात घातला की पोर्टाचे नाव कॉम तीनचे कॉम पाच होते आणि काटा मुका होतो. आता प्रोग्रॅम सुरू होताना उपलब्ध पोर्टांची यादी दाखवतो आणि त्या भोकाला मी लाल चिकटपट्टी लावली आहे.

दसऱ्यानंतर आवक ओसरली, तेव्हा मी बिल घेऊन गेलो. मालकांनी ते वाचले, घडी घातली आणि संगणकाकडे वळून स्वतःच्या हाताने माझ्या नावाची पट्टी काढली. ती छापेपर्यंत खिडकी एकदाही पांढरी पडली नाही. नाव अख्खे मराठीत, एकही प्रश्नचिन्ह नाही. तारीख बरोबर. नग एक. त्याखाली मात्र रकमेतून हमाली वजा केलेली होती.

"आण्णा, माझ्या बिलात हमाली कसली?"

"त्या दिवशी तिप्पट वाटली न्हवं," ते पट्टी फाडून माझ्या हातात देत म्हणाले, "ती."