पांढरा धूर आणि माझं नाक

थंडी पडली की माझा छोटा ट्रक एकदम म्हातारा होतो. किल्ली फिरवली की आधी खोकतो, मग अख्खं अंग गदागदा हलवत उठतो आणि सायलेन्सरमधून असा पांढरा धूर सोडतो की मागचं फाटक, रस्ता आणि रस्त्यावरचे शेजारी दिसेनासे होतात. शेजारी दिसेनासे होण्याला माझी हरकत नव्हती. पण धूर विरला की ते पुन्हा दिसायचे, आणि बोलायचे.

"हेड गॅस्केट," शेजारचे काका म्हणाले. त्यांच्या गाडीचं हे इंजिनाच्या झाकणाखालचं पॅकिंग एकदा गेलं होतं; तेव्हापासून त्यांना दुसरा रोग माहीत नाही. दुसऱ्या एकाने डिझेल फवारणाऱ्या नोझलवर बोट ठेवलं. तिसरा नुसतीच मान हलवून "इंजिन काम निघणार" म्हणाला आणि चालू लागला. असा माणूस सगळ्यात वाईट, त्याच्याशी भांडताही येत नाही.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, इतकं सरळ असतं. पांढरा मात्र आतल्या गाठीचा. लिटरभर डिझेल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतंच. थंडीत त्याची वाफ दिसते, ती बिचारी निरुपद्रवी. दुसरा प्रकार कच्च्या, न जळलेल्या डिझेलचा. आणि तिसरा, गॅस्केटमधून सिलेंडरमध्ये झिरपलेल्या कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा), म्हणजे खिशाला भोक. लांबून तिघेही सारखेच पांढरे. ओळख पटवायला वास घ्यावा लागतो: कूलंट गोडसर, कच्चं डिझेल डोळ्यांना झोंबणारं.

तेव्हा मी भल्या पहाटे सायलेन्सरच्या मागे, जरा अंतर राखून उकिडवा बसलो आणि डोळे मिटून हाताने धूर नाकाकडे वळवू लागलो. फिरायला निघालेल्या एका बाईंनी मला बघून पदपथ बदलला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला आनंदच झाला, म्हणजे डिझेल! खात्रीसाठी पुठ्ठा धरला, तर त्यावर तेलकट डाग. पाणी असतं तर वाळून गेलं असतं. हा डाग गेला नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण काकांचं "हेड गॅस्केट" डोक्यातून जाईना. संध्याकाळी ट्रक परत आल्यावर कूलंटची टाकी बघितली: बरोबर वरच्या रेघेवर. सकाळी बघतो तर दोन बोटं खाली! रात्रीत, उभ्या गाडीचं! डिपस्टिक काढून कूलंट मिसळून ऑइल दुधाळ झालंय का ते बघितलं. ते नेहमीसारखं काळंकुट्ट होतं, पण मन बसलंच नाही.

मेस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. "मालक, संध्याकाळी इंजिन गरम होतं ना? गरम पाणी फुगतं, गार झालं की बसतं." मग एकच प्रश्न: "धूर किती वेळ राहतो?"

"पाचेक मिनिटं. इंजिन तापलं की गायब."

"हीटर प्लग."

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की डिझेल आपणहून पेटावं. थंडीत ती ऊब गारठलेलं लोखंडच पिऊन टाकतं, म्हणून सुरुवातीला प्रत्येक सिलेंडरला आतून ऊब देणारे हीटर प्लग लागतात. मेस्त्रींनी मीटर लावला. दोन प्लगांनी जेमतेम एखादा ओम दाखवला, म्हणजे ठणठणीत. उरलेल्या दोघांवर मीटर काहीच दाखवेना. आत तार तुटलेली. चार सिलेंडरांपैकी दोघे पहाटे उठतच नव्हते आणि त्यांच्या वाट्याचं डिझेल मी नाकाने घेत होतो.

चारही प्लग बदलले. आता ट्रक एका किल्लीत उठतो.

परवा पहाटे काका त्यांच्या पेट्रोल गाडीमागे चिंतेत उभे होते. सायलेन्सरमधून पांढरं काहीतरी येत होतं. साधी वाफ, मिनिटाभरात जाणारी. "जरा बघता का?" ते म्हणाले.

मी उकिडवा बसलो, डोळे मिटले, सावकाश वास घेतला.

"काका, आज रात्री गाडी फिरवून आणली की लगेच कूलंटची पातळी बघा," मी गंभीरपणे म्हणालो, "आणि मग उद्या सकाळी पुन्हा एकदा."