टॅक्स चालतो, तक्रार नाही

न्यू जर्सीतला प्रॉपर्टी टॅक्स बघून डोळे पांढरे होतात. शेजारचा बाबा बार्बेक्यूवर बर्गर उलटता उलटता त्यावरून सरकारचा उद्धार करतो, सगळे माना डोलावतात. मी एवढंच म्हटलं, की इथे अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायच्या आधी बिलाचा विचार करावा लागतो, हे काही बरं नाही. झालं! "मग परत का जात नाहीस?" वर हसू, जणू विनोदच केलाय.

अरे, परत कुठे? भारताचा पासपोर्ट कधीच जमा केला, आता खिशात तुमचाच आहे. अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या परीक्षेत पहिल्या घटनादुरुस्तीतला एक हक्क सांगा, असा प्रश्न होता. 'भाषणस्वातंत्र्य' घोकूनच आलो की! ते वापरायचं नाही, हे तेव्हा कोणी बोललं नाही. सोमालियात जन्मलेली इल्हान ओमर तर अमेरिकेच्या संसदेवर लोकांनी निवडून दिलेली बाई. २०१९ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या ट्रम्पच्या सभेत तिच्या नावानं 'परत पाठवा'च्या घोषणा झाल्या. तिथे आमची काय कथा. टॅक्स भरताना मात्र कुणी विचारत नाही, तू मूळचा कुठला.

बरं, पुण्यात खड्ड्यांवर बोलावं, तर काका म्हणतात, "तू गप रे, तू तिकडचा."