चटणी कोणी शिकायची?

‘माझ्या मुलीला मी स्वयंपाक शिकवणार नाही’ हे वाक्य अलीकडे महाराष्ट्रातल्या सुशिक्षित घरांत इतक्या अभिमानाने उच्चारले जाते, की त्यावर शंका घेणारी बाई आपोआप जुनाट ठरते. माझ्या वहिनीनेही ते मला फोनवर ऐकवले. तिचे म्हणणे असे, की पिढ्यान्‌पिढ्या बायका चुलीपाशी अडकल्या, ते आता आपल्या मुलीपाशी थांबवायचे. पोळ्यांना बाई आहे, भाजी मागवता येते आणि मसाला दुकानात तयार मिळतो. जपानमधल्या योकोहामात बसून मी हे ऐकले आणि मला राग आला. तो अजून गेलेला नाही.

वहिनीची तक्रार खोटी नाही. कोल्हापूरच्या आमच्या घरी दर उन्हाळ्यात वर्षाची चटणी, म्हणजे वर्षभर पुरणारा तिखट मसाला, होत असे. देठ काढून मिरच्या वाळवायच्या, रंगासाठी ब्याडगी किती आणि तिखटपणासाठी संकेश्वरी किती हे ठरवायचे, खोबरे, तीळ, धणे आणि खसखस वेगवेगळी भाजायची, कांदा तेलात लाल होईपर्यंत परतायचा, मग सगळे डंकावर कुटून आणायचे आणि हिंगाचे खडे घालून बरणीत दाबून भरायचे. आजी तोंडाने फारसे सांगत नसे. खोबऱ्याचा वास बदलू लागला की ती माझ्याकडे बघे आणि मी कढई उतरवत असे. हे सारे मी शिकले, आणि त्याच वेळी माझा भाऊ अंगणात क्रिकेट खेळत होता. अन्याय झाला तो इथे. पण त्यावर उपाय म्हणून भाचीलाही अंगणात पाठवायचे आणि कढईजवळ कोणीच उभे राहायचे नाही, हे मला मान्य नाही. भाच्याला आत बोलवावे, हा साधा उपाय आमच्या घरात अजून कोणाच्याही तोंडून निघालेला नाही.

माझा मुलगा पाचवीत गेला तेव्हा त्याच्या वर्गात कातेइका, म्हणजे जपानी शाळेतला गृहविज्ञानाचा विषय, सुरू झाली. मुलगे आणि मुली एकाच टेबलाभोवती उभे राहून काचेच्या पातेल्यात भात शिजताना बघत होते, पाणी केव्हा आटते आणि आच केव्हा कमी करायची हे वहीत लिहीत होते. निबोशीचे, म्हणजे छोट्या सुक्या मासळीचे, डोके आणि पोट काढून दाशी, म्हणजे जपानी सूपाचे मूळ पाणी, करायला तो तिथेच शिकला. माध्यमिक शाळेत १९९३ पासून आणि उच्च माध्यमिक शाळेत १९९४ पासून हा विषय मुलामुलींना सारखाच सक्तीचा आहे; त्याआधी उच्च माध्यमिक शाळेत ती सक्ती फक्त मुलींवर होती. म्हणजे ज्या अन्यायाबद्दल वहिनी बोलते तो इथेही होता. तो दूर करताना मुलींचा तास बंद केला गेला नाही, मुलग्यांना त्या तासाला बसवले गेले. २००५ साली तर आहारशिक्षणासाठी वेगळा कायदाच झाला.

वहिनी लगेच म्हणाली, की जपानी नवरे तरी घरी कुठे रांधतात? तिचे खरे आहे, घरकामाचा बहुतेक भार इथेही बायकांवरच आहे. पण हाताला येत असूनही न करणाऱ्या पुरुषाला जाब विचारता येतो. ज्याला काही शिकवलेच नाही, त्याचे अडाणीपण आपल्याकडे आयुष्यभर सांभाळले जाते.

हे सगळे मी इतक्या तावातावाने का मांडते, याचा विचार केल्यावर एक गोष्ट कबूल करावी लागते. आमच्या कोल्हापूरच्या घरी आता चटणी होत नाही. मी जाते तेव्हा वहिनी दुकानातली पुडी फोडते, मला पाहुणीसारखे पाटावर बसवते, आणि जेवणारे बाकी सगळे त्या चवीवर समाधानी असतात. ती जुनी चव आता योकोहामातल्या माझ्या ओट्यावर आहे, आणि त्या घराची मी अजून कोणी आहे याची माझ्यापाशी उरलेली ती जवळजवळ एकमेव खूण आहे. वहिनीने तिच्या लेकीला ती नको म्हटले, तेव्हा मला ते स्वतःला नाकारल्यासारखे लागले. माझ्या रागातला मोठा भाग हा आहे, हे मी जाणते. तरीही माझे म्हणणे त्यामुळे चुकीचे ठरत नाही.

पुढच्या गोल्डन वीकमध्ये, म्हणजे एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या जपानी सुट्ट्यांत, आम्ही कोल्हापूरला जाणार आहोत, आणि तेव्हा मिरच्यांचा मोसम असेल. मिरच्या मी घेईन. माझा मुलगा, भाचा आणि भाची अशा तिघांनीही देठ काढायला बसायचे आहे. त्यावरून वहिनीशी वाद होईल हे मी धरूनच चालले आहे, पण भाच्याला मध्येच उठू देणार नाही.