आल्मेदाचा किल्ला फितुरीने पडला नाही

पोर्तुगालच्या पूर्व सरहद्दीवरचा आल्मेदा किल्ला ऑगस्ट १८१० मध्ये नेपोलियनचा सेनापती मासेना याच्या फ्रेंच फौजेला शरण गेला. त्याबद्दल एक विधान सर्रास फिरत असते: “एवढा भक्कम किल्ला एका दिवसात पडला, कारण आतल्यांनीच दारूकोठाराला आग लावून तो फ्रेंचांना विकला.” यात मुदत, आग आणि फितुरी या तीन वेगळ्या गोष्टींची गाठ मारली आहे.

मुदतीचे आधी. मासेनाच्या हाताखालच्या मार्शल नेयच्या फौजेने चर खणायला ऑगस्टच्या मध्यालाच घेतले होते. जमीन कातळाची, कुदळ चालेना, म्हणून मातीने भरलेल्या टोपल्या रचून आडोसे उभारावे लागले. ११ मोर्चांवर अवजड तोफा चढवून २६ ऑगस्टला सकाळी सहाला भडिमार सुरू झाला. म्हणजे एक दिवस चालला तो भडिमार, वेढा नव्हे. संध्याकाळपर्यंत तटाला चढून जाण्याजोगे खिंडारही पडले नव्हते.

आता आग. किल्ल्याचा तट तारेच्या आकाराचा, सहा बुरुजांचा. पण दारूचा मुख्य साठा गावाच्या मधोमध असलेल्या मध्ययुगीन गढीत होता. कोठार एकच, आणि बुरुजांवरच्या तोफांना दारू तिथूनच पुरवायची, त्यामुळे भडिमार चालू असतानाही त्याचे दार उघडे ठेवावे लागे. जवळ असूनही वाचलेल्या एका माणसाच्या सांगण्यावरून जी हकीकत मान्य झाली आहे ती अशी: तटाकडे नेलेले एक पिंप गळके होते, वाटभर दारूची रेघ सांडली. साधारण सातच्या सुमारास एक तोफगोळा पडला, रेघ पेटली आणि आग कोठाराच्या दाराशी पोचली. तिथे ठेवलेले दुसरे पिंप उडाले आणि मग सारे कोठार. गढी गेली, चर्च गेले, गावात धड छप्पर राहिले नाही. शिबंदीतले सुमारे ५०० लोक मेले, त्यांत गोलंदाजांचा भरणा मोठा. उडालेले दगड फ्रेंचांच्या चरांत पडून तिथेही माणसे दगावली. कोठार उडणार हे फ्रेंचांना आधी ठाऊक असते, तर त्यांनी आपली माणसे मागे घेतली असती.

(आपल्याकडे कोरीगडाचे असेच झाले. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांचा गोळा दारूकोठारावर पडला आणि गड हवाली करावा लागला. तिथे कोणी फितुरी शोधत नाही.)

राहिली शरणागती. किल्लेदार विल्यम कॉक्स हा पोर्तुगीज सैन्यातला इंग्रज अधिकारी. त्याच्याकडे तट जवळपास शाबूत, तोफा शंभरावर आणि माणसे हजारोंनी होती. दारू मात्र उरली ३९ पिंपे. पिंपात शंभर पौंड धरले आणि २४ पौंडी तोफेला एका बाराला आठ पौंड, तर पिंपामागे १२ बार, म्हणजे सगळे मिळून ४६८. तोफेमागे पाचसुद्धा नाहीत. तरीही कॉक्सने २७ तारखेचा दिवस बोलाचालीत काढला, इंग्रज सेनापती वेलिंग्टनच्या फौजेची वाट पाहत. संध्याकाळी भडिमार पुन्हा सुरू झाला, तेव्हा रात्री त्याने किल्ला हवाली केला.

फितुरी मुळीच झाली नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. वाटाघाटीला पाठवलेला तोफखान्याचा मेजर बारेइरोस फ्रेंचांना मिळाला आणि आत दारू नाही हे त्याने सांगून टाकले. फ्रेंच छावणीत मार्क्विस आलोर्नासारखे पोर्तुगीज सरदार होतेच. पण बारेइरोस फुटला तो स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी. त्याने फोडली ती किल्ला अजून लढू शकतो ही कॉक्सची बतावणी. दारू आदल्या संध्याकाळीच जवळपास संपली होती. दुय्यम किल्लेदार कोस्ता शरणागतीचा आग्रह धरणाऱ्यांत होता. पुढे फितुरीच्या आरोपाखाली त्याला गोळ्या घालण्यात आल्या. ३९ पिंपांचा हिशेब पाहता त्याचा सल्ला चुकीचा होता असे आम्हाला वाटत नाही.

“नंतर शिबंदीच फ्रेंचांच्या चाकरीत गेली” हाही पुरावा म्हणून पुढे केला जातो. गेली खरी: २४ व्या पलटणीतले बहुतेक लोक, कैदी म्हणून फ्रान्सला जाण्याऐवजी. आणि काही दिवसांतच, संधी मिळेल तशी, टोळ्याटोळ्यांनी पळून पुन्हा आपल्या सैन्यात हजर झाली.